एक पट्टी खाली

चर्चच्या मागच्या अंगणात मटणाला पहिली उकळी आली, तेव्हा संडे स्कूलच्या खोलीत तीनशे इंग्रज मिळून एकच शब्द ओढत होते. तो शब्द त्यांनी बारा वाजून दहा मिनिटांनी धरला होता आणि सव्वाबारा झाले तरी सोडायला तयार नव्हते.

“काय भरदार गातात!” आमचा गायकवृंद बसवणारे चक्रनारायण सर डोळे मिटून म्हणाले.

“भरदार खरंच, सर,” मी म्हणालो. “आणि रेकॉर्डची ही बाजू संपली की अजून पाच बाजू आहेत.”

मागच्या बाकावर खर्जातल्या बेसवाल्यांपैकी कोणीतरी कण्हलं. खिडकीतून मसाल्याचा वास आत आला आणि तीस माणसांच्या माना एकदमच तिकडे वळल्या.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट, नगरची. त्या वर्षी आमच्या चर्चला शंभर वर्षं होत होती आणि नाताळला गायकवृंदाने ऑरॅटोरिओ गायचा, असं ठरलं होतं. ऑरॅटोरिओ म्हणजे बायबलातली गोष्ट गाण्यातून सांगायची. वेष नाही, पडदा नाही. पुढे एकेकटे गाणारे आणि मागे मोठा गायकवृंद. आमचा ऑरॅटोरिओ अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन माणसाने रचलेला होता आणि कोणा जुन्या मिशनरीने त्याला मराठी शब्द बसवून ठेवले होते. त्याचं खरं नाव नगरात कोणी घेत नसे. सगळे त्याला ‘मोठं गायन’ म्हणत.

कागदावरचं डो-रे-मी वाचणारे आमच्यात चारच उरले होते. बाकीचे आम्ही ऐकून शिकायचो. एक रेकॉर्डिंग ठरायचं, माझ्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात त्याच्या तीस कॅसेटी निघायच्या, आणि मग जो तो आपल्या घरी भाकरी थापता थापता, दाढी करता करता आपला भाग पाठ करायचा. जे कॅसेटमध्ये तेच आमच्या गळ्यात. म्हणून कुठलं रेकॉर्डिंग घ्यायचं, याची चर्चा आमच्याकडे लग्नाच्या स्थळासारखी व्हायची. एकदा ठरलं की जन्माचं.

या वेळी स्थळं दोन होती. एक सरांचं. एका परत गेलेल्या मिशनरीने मागे ठेवलेल्या तीन एल.पी., त्यात तीनशे जणांचा गायकवृंद, आणि चाल अशी की मंडळी गातायत की गच्चीवर पाणी चढवतायत ते कळू नये. दुसरं स्थळ करुणा उमापचं. करुणा हायस्कुलात गणित शिकवायची, सव्वीस वर्षांची होती आणि सोप्रानोत, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजात, गायची. तिच्या भावाने जर्मनीहून एक कॅसेट पाठवली होती. त्यात गाणारे मोजून चोवीस, आणि सगळे मागे कुत्रं लागल्यासारखे पळत होते.

मला करुणाचं स्थळ हवं होतं. संगीतासाठी नव्हे, काकूसाठी.

मोठ्या गायनात एका बाईने एकटीने गायचं एक गाणं आहे. त्यातलं तेवढंच आमच्याकडे दर नाताळला व्हायचं, आणि तीस वर्षं ते माझी काकू गात आली होती. तबिता वाघचौरे, मिशन हॉस्पिटलची निवृत्त मेट्रन. अर्ध्या नगराला तिने जन्मताना उलटं धरून रडवलेलं, आणि उरलेल्या अर्ध्याला इंजेक्शन देताना. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि काकूने मला वाढवलं. काका त्याआधीच गेले होते. मला आई नव्हती, काकूला मूल नव्हतं, आणि दोघांनाही याबद्दल बोलायला फारसं आवडत नसे. ती बासष्ट वर्षांची झाली होती. त्या वर्षी ईस्टरला दुसरंच एक गाणं गाताना भर उपासनेत तिचा वरचा स्वर फुटला. मंडळी खाली बघू लागली. पाळकसाहेबांनी उगाच बायबलची पानं उलटली.

आणि मोठ्या गायनातला वरचा स्वर तर त्याहून वर होता.

जुलैच्या बैठकीत सर चष्मा पुसत म्हणाले, “एकटीच्या गाण्यासाठी एक डिसेंबरला चाचणी घेऊ. मेट्रनबाई आणि करुणा, दोघींनी गायचं. कॅसेटमध्ये जी पट्टी असेल त्या पट्टीत. वरचा स्वर जिचा स्वच्छ लागेल, तिचं गाणं.”

“योग्य आहे,” काकू म्हणाली.

त्या आठवड्यात मी दुपारी जेवायला घरी आलो, तर स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता. ती त्या स्वरापर्यंत चढली आणि थांबली. पुन्हा चढली, पुन्हा थांबली. असं चारदा. मग भांडी आदळण्याचा आवाज सुरू झाला. मी परत चपला घातल्या, कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो आणि आल्यावर दारातूनच ओरडलो, “काकू, भूक लागली!” तिने वाढलं. तिचे डोळे लाल होते. कांदा चिरल्याचं सांगितलं, आणि ताटात कोशिंबीर नव्हती.

त्या दिवशी मी ठरवलं की हे गाणं काकूकडून कोणी काढून घ्यायचं नाही.

आता उपाय सांगतो. कॅसेट प्लेअरच्या मोटरला मागे एक बारीक भोक असतं. आत स्क्रू. तो जरा फिरवला की मोटर मंद होते. गाणं हळू होतं आणि त्याबरोबर सगळ्यांचे आवाजही खाली उतरतात. अगदी नेमका फिरवला तर सगळं गाणं पेटीवरच्या एका पट्टीने खाली येतं. तेवढ्या एका पट्टीवर काकूचं भागत होतं, हे मी भिंतीआडून ऐकून पक्कं केलं होतं. गोम एकच होती. सरांच्या तीनशे इंग्रजांना आणखी मंद केलं असतं, तर नाताळच्या दिवशी अंत्ययात्रा निघाली असती आणि सगळ्यांना कळलं असतं. करुणाचे चोवीस जर्मन मात्र इतके पळत होते, की त्यांना थोडा दम खायला लावला तरी कोणाच्या ध्यानात आलं नसतं.

म्हणून निवडीची तारीख मीच सुचवली, कापणीच्या सणाची. त्या दिवशी उपासनेनंतर सगळ्या मंडळीचं प्रीतिभोजन असतं, आणि मटण असतं. आणि सरांचा मान म्हणून सरांची रेकॉर्ड पहिली, हेही मीच सुचवलं.

एक वाजता तिसरी बाजू संपली. अंगणात पंगत बसू लागली होती.

“चौथी लावू?” मी नम्रपणे विचारलं.

“आरं वाघचौरे,” आमचे पेटीवाले शांतवनमामा भिंगारदिवे म्हणाले, “मिशनरी लोक गाडीनं निघाले आन् आपण पायी चाललोय, आसं वाटायलंय. दुसरी लाव की.”

मी कॅसेट लावली. चोवीस जर्मनांनी तेच गायन असं उडवलं, की पहिला गायकवृंद सुरू होऊन संपला तेव्हा बाहेर अजून पत्रावळीच मांडत होते. सरांनी नाक मुरडलं. “हे काय! स्तुती करतायत की आगगाडी पकडतायत?”

“सर, मत घेऊ या का?” करुणा म्हणाली.

पंचवीस हात जर्मनांसाठी वर गेले, चार इंग्रजांसाठी. त्या चारांत सर एक होते. काकूने कोणासाठीच हात वर केला नाही. ती खिडकीबाहेर बघत होती.

“पोटाने मतं दिलीत तुम्ही,” सर म्हणाले.

ते खरंच होतं. पण तोवर खोली रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि शांतवनमामांना बोलावलं. त्यांच्याशिवाय जमणार नव्हतं. चर्चच्या जुन्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कधीच खाल्ला होता, त्यामुळे साथ मामांच्या पेटीची. त्यांची पेटी स्केल चेंजर होती, म्हणजे पट्ट्यांची सगळी रांगच डावी-उजवीकडे सरकवता यायची. एकदा सरकवली की बोटं तीच ठेवायची आणि सूर मात्र खाली किंवा वर.

“म्हंजी मी निस्ती रांग सरकवायची, आन् गप बसायचं?” मामांनी विचारलं.

“गप बसायचं हे महत्त्वाचं.”

“सरास्नी कळलं तर?”

“कळणार नाही. मी तुमचा रेडिओ फुकट दुरुस्त करून देतो.”

“आन् मॅट्रनबाईस्नी कळलं तर?”

“तिला तर मुळीच कळणार नाही.”

मामांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. मग पेटीवर सूर धरला. मी स्क्रू केसभर फिरवला, पुन्हा केसभर परत, आणि कॅसेटमधल्या जर्मन बाईचा आवाज बरोबर एक पट्टी खाली येऊन बसला. तीस कॅसेटी काढायला मला चार दिवस लागले. करुणाला तिची मूळ कॅसेट परत केली आणि वर तिच्या वाटणीची कॉपीही दिली. माझ्यासारखा हुशार माणूस नगरात दुसरा नाही, अशी माझी तेव्हा खात्री झाली होती.

धोका एकाच वस्तूचा होता. सरांच्या खिशात कायम एक स्वरकाटा असायचा, चिमट्यासारखा लोखंडी. गुडघ्यावर आपटला की त्यातून एकच नेमका स्वर निघतो, आणि तो काही माझ्या स्क्रूला भीक घालणारा नव्हता. पहिल्या तालमीला सरांनी तो खिशातून काढला. मामा पेटीचा भाता तपासू लागले.

“सर, तो ठेवा,” काकू आपल्या जागेवरून म्हणाली. “कॅसेटमध्ये आहे त्या पट्टीत, असं तुम्हीच ठरवलंय ना? मग काट्याचं काय काम?”

हॉस्पिटलात असताना मोठमोठे डॉक्टर तिच्या या आवाजापुढे हात धुवायला पळत. सरांनी काटा खिशात ठेवला. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. देव किती अचूक माणसाच्या तोंडून बोलतो, असंही मला वाटलं.

पुढचे दोन महिने काकू मजेत होती. घरी कॅसेट लावून गायची, आणि वरचा स्वर हमखास लागायचा. रोज चारच्या सुमाराला बाहेर जायची. कुठे, तर करुणाच्या आईचं ब्लड प्रेशर बघायला. मी म्हणायचो, “काकू, या वर्षी आवाज काय उघडलाय तुझा!” ती म्हणायची, “हो ना? मलाही नवल वाटतं.” आणि माझ्या पानात जास्तीची भाकरी टाकायची.

एक डिसेंबरला चाचणी झाली. करुणा आधी उभी राहिली. मधल्या ओळीपर्यंत गायली आणि तिला जो खोकला सुरू झाला, तो काही थांबेना. “सर, मला सर्दी आहे,” म्हणून ती खाली बसली. मग काकू उभी राहिली आणि वरचा स्वर तिने असा लावला, की सरांनी टाळी वाजवली. चाळीस वर्षांत सरांनी कोणासाठी टाळी वाजवली नव्हती. घरी जाताना मी शीळ घालत होतो. काकू मात्र दोन पावलं मागून येत होती. मी विचारलं तर म्हणाली, “पाय दुखतायत.”

नाताळच्या दिवशी दुपारी चार वाजता चर्च खच्चून भरलं. पुण्याहून, औरंगाबादेहून माहेरवाशिणी आल्या होत्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. सरांनी हात उचलला, मामांनी पेटीवर सूर धरला.

सूर वर होता. एक पट्टी वर. म्हणजे खऱ्या जागी.

मी टेनरांच्या, म्हणजे पुरुषांतल्या वरच्या आवाजाच्या, रांगेतून मामांकडे पाहिलं. मामा छताकडे बघत होते. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. मी खाकरलो, भुवया उडवल्या, बोटाने ‘खाली, खाली’ अशी खूण केली. शेजारच्या टेनरला वाटलं, मी त्याला खाली बसायला सांगतोय. तो बिचारा बसला आणि सरांनी डोळे वटारल्यावर पुन्हा उठला. बाकी गायकवृंदाला पत्ताही नव्हता. ऐकून शिकलेली माणसं, पेटी नेईल तिकडे निघाली. वर गेल्यामुळे उलट आवाजाला जरा धार आली होती, आणि मंडळी सरसावून बसली.

मला ते काहीच ऐकू येत नव्हतं. माझं लक्ष काकूकडे होतं. पांढरी साडी, हातात वही, आणि चेहरा वॉर्डात फेरी मारताना असायचा तसा. तिला सांगायला जाणार तरी कसं? मधे वीस माणसं, आणि सांगायचं काय? काकू, मी तुला तीन महिने फसवलं, आता ज्या पट्टीत गायचंय त्या पट्टीत तू या तीन महिन्यांत एकदाही गायली नाहीस?

तिचं गाणं आलं. ती दोन पावलं पुढे झाली.

या जुन्या गाण्यांची एक रीत असते. पहिला भाग, मग मधला वेगळा भाग, आणि मग पहिला भाग पुन्हा सगळा पहिल्यापासून. म्हणजे तो वरचा स्वर दोनदा येतो. मी बाकाची कड धरून उभा होतो. काकू एकेक ओळ चढत गेली. स्वराच्या आधी तिने श्वास घेतला तो मला माझ्या जागेवर ऐकू आला.

आणि स्वर लागला. सुरुवातीला जरा कापरा, मग सरळ. काकूने तो धरून ठेवला. तीनशे इंग्रजांनी धरला नसता इतका वेळ धरला. मामांनी पेटीवरची बोटं तशीच ठेवून तिची वाट पाहिली. सरांचा हात हवेतच राहिला. मग ती सावकाश खाली उतरली, मधला भाग गायली आणि थांबली.

आता पहिला भाग पुन्हा सुरू व्हायचा होता. काकूने वही मिटली. मागे वळली, करुणाचा दंड धरला आणि तिला पुढे, आपल्या जागेवर उभं केलं. पेटी वाजत होतीच. करुणा जराही न गडबडता गाऊ लागली. काकू मागे सरकली आणि अल्टोच्या, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि एक डोळा मिचकावला. बासष्ट वर्षांच्या मेट्रनने, चर्चमध्ये, नाताळच्या दिवशी.

करुणाचा स्वर स्वच्छ लागला. त्यानंतर टेनरांची सुरुवात होती. ती चुकली, कारण टेनर माझ्याकडे बघून सुरू करायचे, आणि मी रडत होतो.

कार्यक्रमानंतर अंगणात चहा आणि फराळ होता. सर आधी काकूकडे आले. “मेट्रनबाई, हे असं ठरलं नव्हतं.”

“ठरलं होतं, सर. तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

सर एक करंजी उचलून चालू लागले. मी मामांना गाठलं. ते म्हणाले, “माज्याकडं काय बघतोस? मॅट्रनबाई म्हणल्या सरकव, मी सरकवली. त्यांच्या इंजेक्शनावर जगलेला मानूस हाये मी. तुज्या रेडिओवर न्हाय.”

“काकूला सांगितलं कोणी?”

“मी,” करुणा मागून म्हणाली. तिच्या हातात शंकरपाळ्यांची वाटी होती. “तू कॅसेट परत केलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी. माझ्या कॅसेटमध्ये हे गाणं सहा मिनिटांचं आहे. तुझ्या कॉपीत सहा मिनिटं एकवीस सेकंद. गाणारी तीच, गाणं तेच, मग एकवीस सेकंद आणलेस कुठून? मला वाटलं कॅसेट बिघडलीय. काकूंना म्हटलं, सरांना सांगू या.”

“मी म्हटलं, कॅसेट धडधाकट आहे,” काकू म्हणाली. “आमचं पोरगं बिघडलंय.”

“म्हणजे रोज चार वाजता...”

“हिच्याकडे खऱ्या कॅसेटवर गात होते. हिच्या आईचं ब्लड प्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे.”

“मग चाचणीत का नाही सांगितलंस?”

काकूने कप खाली ठेवला. आता ती हसत नव्हती. “सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुझं बिंग सगळ्या मंडळीसमोर फुटलं असतं. कॅसेट करून घ्यायला तुझ्याकडे पुन्हा कोणी आलं नसतं. म्हणून खोट्या पट्टीत गायले, आणि सरांची टाळी घेतली. ही पोरगी माझ्यासाठी खोकली. ते मला आवडलं नाही, रुबेन. तीस वर्षांत मी पेशंटला न सांगता कधी डोस बदलला नाही.”

“तू रडत होतीस,” मी म्हणालो. “जुलैत. कांदा नव्हता त्या दिवशी.”

तिने माझ्या गालावरचं काहीतरी अंगठ्याने पुसलं. “म्हणून तर तुला मारलं नाही.”

“आणि आज लागला नसता तर? सगळ्यांसमोर फुटला असता तर?”

“तर फुटला असता. आणि लागला काय, फुटला काय, पुढे करुणाच गाणार होती, आमचं तसंच ठरलं होतं.” तिने वाटीतले दोन शंकरपाळे उचलून माझ्या हातावर ठेवले. “पण फुटला असता तो माझा फुटला असता. ईस्टरला फुटला तोही माझाच होता. चाचणीच्या दिवशी जो लागला ना, तो कोणाचा होता, ते मला अजून कळलेलं नाही.”

एवढं बोलून ती सरांना चहा न्यायला गेली. मी एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि दुसरा करुणाच्या वाटीत परत ठेवला.